क्रॉस

रात्री साडेनऊला, तवंदी घाट चढायच्या आधी,
करेप्पाची दहाचाकी माझ्या दारात थांबली.
ताडपत्रीखाली निपाणीची तंबाखू, बोदावर बोद.
करेप्पा अरभावीचा. उतरायच्या आधीच म्हणाला,
"सप्पळ बराकत्तैति, मिस्त्री."
कसला सप्पळ?
त्यानं जीभ टाळ्याला लावून सोडली:
टक्क.

हुक्केरीच्या एकानं गिअरबॉक्स उघडायला सांगितलेला,
अठरा हजार, वर दोन दिवस.
संकेश्वरच्या दुसऱ्यानं क्राऊन-पिनियनवर ढकललं.
मी म्हटलं, हिंद तगो.
मागं घेतली. टक्क.
पुढं घेतली. टक्क.
मग मोकळ्या रस्त्यावर, चालत्या माणसाच्या वेगानं,
पत्र्याखाली चिमणीच्या पिलागत
कायतरी चिवचिवत राहिलं.

गिअरबॉक्स चिवचिवत नसतो, करेप्पा.

दस्तगीरचाचा, ज्यांच्या हाताखाली सात वर्षं
मी पाने उचलून दिले, डाव्या कानानं ठार बहिरे.
केबिनच्या पत्र्यावर तळवा पालथा ठेवायचे
आणि म्हणायचे,
"कान फसतंय बघ, खरं तळवा फसत न्हाई."
आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात,
ते मला पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं हसून सांगितलं.

चाकांना दगड लावले. न्यूट्रल. हँडब्रेक सोडला.
बॅटरी दातात धरून उताणा खाली सरकलो
आणि शाफ्ट दोन्ही हातांनी पिळला, ओल्या धुण्यासारखा.
पुढचा जॉइंट गप्प.
मधलं बेअरिंग गप्प.
मागच्यात केसभर खेळ,
कपाच्या कडेला तांबूस पूड.
"किती दिवस झाले?"
"गणपतीपासून," बाहेरून बूट बोलले,
"टेप मोठा करत होतो."

खोलायच्या आधी खडूची रेघ,
एक शाफ्टवर, एक फ्लँजवर, समोरासमोर.
हे मला कानशिलात बसून आलंय.
एक भोक इकडचं तिकडं झालं
तर नवाकोरा क्रॉससुद्धा थरथरत जातो.

सर्कलिपा गंजलेल्या. तिसरी उडाली ती थेट गटारात.
योकच्या कानावर हातोडा घातला,
कप सरकला, आणि सुया सांडल्या
लाल, तुटक्या, कोरड्या.
क्रॉसच्या दांड्यांवर त्यांचे वळ उठलेले,
शेजारी शेजारी,
मास्तरांच्या छडीचे उठायचे तसे.
फिरायचं सोडून सुया एकाच जागी मारत बसलेल्या.

नवा क्रॉस. तीन कप निमूट बसले.
चौथा दोन सुतं बाहेर.
वाईस आवळावासा वाटला, बारा वाजत आले होते.
आवळला नाही. काढून बघितला:
तळाशी एक सुई आडवी झोपलेली.
ग्रीसच्या बोटानं तिला उभी केली,
बाकीच्यांच्या ओळीत.
मग सर्कलिप बसली. टिक्.
वेगळाच आवाज हा.

निप्पल मोकळ्या बाजूला ठेवलं,
पुढच्या मिस्त्रीची गन पोचावी म्हणून,
आणि चारी तोंडांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारला.
मागं घेतली. पुढं घेतली.
करेप्पा जीभ टाळ्याला लावून वाट बघत राहिला.

क्रॉसचे अकराशे, हाताचे सहाशे.
पैसे मोजून त्यानं जुना क्रॉस मागून घेतला,
डॅशबोर्डवर, यल्लम्माच्या फोटोपुढं, भंडाऱ्यात ठेवला.
"एवढे दिवस हाका मारत होता की.
बसू दे समोर."

गाडी गेल्यावर डिझेलनं हात धुताना
मनगटावर एक सुई चिकटलेली दिसली.
काळजात लककन् हललं. नव्या कपातली तर नाही?
पँटीला पुसली, बल्बखाली धरली.
लाल. जुनीच.

तरी घाटाकडं कान लावून उभा राहिलो बराच वेळ.
मग खाली बसलो
आणि रस्त्यावर
तळवा पालथा टेकवला.